अर्जकाकांचा खुलासा

अर्जकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता फक्त पेन्शनच्या कचेरीतच सापडलं असतं. अनुदान कचेरीत तीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज तपासले आणि निवृत्त झाल्यावर खिडकीच्या बाहेरच्या अंगाला येऊन ते स्वतःच अर्ज भरू लागले. वाचनालयाच्या माडीवर एक छोटी संस्था निर्वासितांना इथली भाषा शिकवायची. शिकवायला दोन मास्तरीणबाई, एक फळा, एक पत्र्याचं कपाट आणि खोलीच्या भाड्यापुरतं सरकारी अनुदान. काकांना शिकवण्यातलं ओ की ठो कळत नसे, पण अर्ज भरावा तर त्यांनीच. काकू म्हणायच्या, "हे मरणाच्या दारातसुद्धा विचारतील, अर्ज दोन प्रतींत आणलाय का म्हणून."

अनुदानाची अट एकच होती. अक्षरओळखीच्या वर्गात निदान बारा जण हवेत. तपासणीच्या दिवशी सकाळी भरले अकरा. बारावा गडी आदल्याच आठवड्यात भावाकडे दुसऱ्या शहरात निघून गेला होता. काकांनी बाकांवरून तीनदा बोट फिरवलं, पण मोजल्याने माणसं वाढत असती तर काय हवं होतं.

तेवढ्यात आपल्या आईला वर्गाला सोडायला सुईण आली. आपल्या देशात तिने एकोणीस वर्षं बाळंतपणं केली होती, आणि सगळे तिला याच नावाने ओळखत. चौदा महिन्यांपूर्वी ती म्हाताऱ्या आईचा हात धरून इथे आली. वर्गातली पहिलं आणि दुसरं अशी दोन्ही पुस्तकं तिने कधीच संपवली होती. आता ती खाली वाचनालयात बसून वर्तमानपत्र वाचायची आणि नडलेला शब्द काकांना विचारायची. काकांना तो येत नसला की ते चष्मा शोधायला लागायचे. आई मात्र अजून अक्षरओळखीतच होती, आणि इथलं बोलणंही तिला कळत नसे. आठ अक्षरं तिला पक्की येत, बाकीची रात्रीतून पळून जात.

"सुईणबाई, अर्धा तास आईशेजारी बसाल का?" काकांनी विचारलं.

"बसते की."

"आणि तपासणीच्या बाईंनी वाचायला सांगितलं, तर जरा अडखळत वाचा."

तिला वाटलं, आपल्यालाच शब्द नीट कळला नाही. "अडखळत म्हणजे, येत नाही तसं?"

"तसंच. बारा भरले नाहीत तर खोली जाईल हो. तुमच्या आईचाच वर्ग आहे."

हे शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती, आणि बोलता बोलताच काकांना ते कळलं होतं. ती आईशेजारी जाऊन बसली. काकांनी हजेरीत बाराव्या ओळीवर तिचं नाव स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं.

अधिकारी बाई आल्या, काकांच्या लेकीच्या वयाच्या. फिरत फिरत त्या नेमक्या सुईणीपाशी थांबल्या. 'पाणी' हा शब्द वाचायला तिने इतका वेळ लावला की सगळा वर्ग मनातल्या मनात तो वाचून मोकळा झाला. आईने मान वळवून लेकीकडे पाहिलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, सांगायला वेळ तरी कुठे होता? "कधीपासून येतात या?" बाईंनी विचारलं. "दोन महिने झाले," काका म्हणाले. अनुदान मंजूर झालं, मास्तरीणबाईंनी काकांचं तोंडभरून कौतुक केलं, आणि काकांनी ते करून घेतलं.

महिनाभराने सुईण एक कागद घेऊन आली. सरकारी इस्पितळाच्या प्रसूती विभागात वर्षभराचं प्रशिक्षण होतं आणि पुढे नोकरी. दुसरं पुस्तक पूर्ण केल्याचं संस्थेचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि निर्वासितांचे अर्ज जायचे अनुदान कचेरीमार्फतच. काकांनी अर्ज असा भरला की फ्रेम करून लावावा. आठव्या दिवशी तो परत आला. वर लाल शाईत शेरा होता: 'अर्जदार गेल्या महिन्यात अक्षरओळखीच्या वर्गात आढळली. प्रमाणपत्र संशयास्पद.' शुक्रवारपर्यंत खुलासा आला नाही तर या वर्षीची जागा गेली.

सुईणीने तो कागद काकांसमोर ठेवला. "संशयास्पद म्हणजे खोटं का?"

"खोटं असावं, असं वाटणं."

"मग बरोबरच लिहिलंय," ती म्हणाली आणि आईला घेऊन जिना उतरली.

काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. काकूंना कारण सांगायची लाज वाटली म्हणून पोट बिघडल्याचं सांगितलं, वर ओव्याचं पाणी प्यावं लागलं ते वेगळंच. गुरुवारी सकाळी ते कचेरीत गेले आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अकरा होते, तर तसं लिहून का नाही दिलंत? एखादा कमी असला तर एका ओळीच्या खुलाशावर मंजूर करता येतं. नियमातच आहे."

काकांना तो नियम पाठ होता. तीस वर्षं याच खोलीत बसून त्यांनी तो एकाही माणसाला सांगितला नव्हता. अकरावाले आले, दहावाले आले, सगळ्यांना त्यांनी "बारा भरत नाहीत" म्हणून परत पाठवलं आणि वेळेवर घरी जाऊन जेवले. त्या खुर्चीवर बसणारं माणूस नियम सांगेलसुद्धा, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. धरणीला दुसरी कामं होती.

बाईंनी कोरा कागद पुढे केला. काकांचा हात सवयीने चालला: 'नजरचुकीने सदर महिलेचे नाव...' बाईंनी कागद फिरवून वाचला.

"नजर कुणाची चुकली?"

काकांनी दुसरा कागद मागितला.

"यावर त्यांचीही सही हवी, वाचून समजल्याची," बाई म्हणाल्या. "उद्या पाचच्या आत आणा, त्यांचा अर्ज मी पुढे पाठवते. तुमच्या अनुदानाचं मात्र वर कळवावं लागेल. त्याबद्दल मी शब्द देत नाही."

संध्याकाळी काका सुईणीच्या घरी गेले. घर म्हणजे एक खोली, दोन खाटा, खिडकीत वाळत घातलेले कपडे. आई खाटेवर पाटी घेऊन बसली होती, आणि पाटीवर आठ अक्षरं ओळीने काढलेली होती.

"हे माझ्यासाठी," सुईण म्हणाली. "त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मला घोकायला बसवते. तिला वाटतं, मी मागे पडले."

"तुम्ही तिला सांगितलं नाही?"

"काय सांगू? तिच्या वर्गासाठी सोंग केलं म्हणून? मग ती परत वर्गात पाऊल टाकणार नाही."

काकांनी खिशातून खुलासा काढला. त्यांनी कागद पुढे केला. सही करायची तर ऐकू येईल असं वाचेन, असं म्हणून तिने उभ्यानेच वाचायला घेतलं, पाण्यासारखं. "या बाई कित्येक महिन्यांपासून उत्तम वाचतात. त्यांना वाचता येत नसल्याचं सोंग मी करायला लावलं. त्यांनी नाही म्हणू नये म्हणून मी त्यांच्या..."

ती थांबली. काकांनी हे लिहिलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. पुढे 'आईच्या वर्गाचं नाव घेतलं' असं होतं, आणि ते तिच्या तोंडून निघेना.

म्हातारी खाटेवरून उठली. लेकीच्या शेजारी येऊन तिने कागदावर वाकून पाहिलं, अडलेल्या शब्दाखाली बोट ठेवलं, आणि पाहुण्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "आ."

काका जमिनीकडे बघत राहिले. सुईणीने मान हलवली आणि आईच्या मागून म्हटलं, "आ."