हजारामागे एक नारळ

“कुणाचं बघितलंस?”

सरांनी भर वर्गात विचारलं. वसईच्या शाळेत सातवीत होते मी. फळ्यावर एक संख्या होती, ४३७४३७. तिचे मूळ अवयव काढायचे होते. बाकीचे अजून भागाकारच करत होते. माझं झालं होतं. सात, अकरा, तेरा, एकोणीस, तेवीस.

सरांनी माझी वही शेजारच्या मृणालच्या वहीला लावून बघितली. तिच्या वहीत नुसता सात. तरी चोर मीच. म्हणाले, “नारळ मोजणाऱ्यांच्या घरात हे कुठून येणार? तिच्या शिकवणीच्या वहीतलं उतरवलं असशील.” वर्ग हसला. मृणालही हसली.

गिरीजला तिच्या पप्पांची वाडी होती आणि माझी आई तिथं नारळ मोजायला जायची. मृणालवर मी जळायचे. खोटं कशाला बोलू? तिच्या कॅल्क्युलेटरवाल्या घड्याळावर जळायचे, शिकवणीवर जळायचे. त्या दिवशी कळलं, जळण्यासारखं काही वेगळंच होतं. तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं, कुणाचं बघितलंस.

उत्तर वाडीतलंच होतं. मोजताना हजार झाले की आई एक जास्तीचा नारळ बाजूला ठेवायची, खुणेचा. शेवटी ते खुणेचे नारळही मोजणीत धरायचे. मी एकदा विसरले होते, तेव्हा आईनं सगळा ढीग पुन्हा मोजायला लावला होता. म्हणून मला फळ्यावर सरळ दिसलं. ४३७ हजार आणि वर ४३७ खुणा. म्हणजे एक हजार एकचे ४३७ ढीग. एक हजार एक म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा. ४३७ म्हणजे एकोणीस गुणिले तेवीस. संपलं.

सरांनी माझ्या वहीतली ती रीत फळ्यावर उतरवली आणि खाली मृणालचं नाव लिहिलं. मी उठले आणि तळहातानं तिचं नाव पुसलं.

“सर, अशीच दुसरी संख्या द्या. तिला द्या, मलाही द्या.”

सरांनी दिली नाही. मला वर्गाबाहेर काढलं. माफीचं पत्र लिहिशील तेव्हाच आत, म्हणाले.

घरी आई म्हणाली, “माफी मांग गो. वाडी त्यांची हाय.” मी नाही म्हटलं. ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पुढचे नारळ पाडले तेव्हा मोजणीला तिला बोलावणं आलं नाही. ते माझ्यामुळे, हे मला माहीत आहे.

तीन दिवस मी दाराबाहेर उभी होते. आत मृणाल पहिल्या बाकावर. तिच्या बसण्याचासुद्धा मला हेवा वाटत होता. चौथ्या दिवशी सरांनी माझ्यापुढे कोरा कागद धरला. मी त्यावर ५८६५८६ लिहिलं. खाली दोन, सात, अकरा, तेरा, दोनशे त्र्याण्णव. त्याखाली माझं नाव, आडनावासकट.

माफी लिहिली नाही. आजही लिहिणार नाही.