डाव्या अंगठ्याची रेघ

मेट्रोत बसले की माझी नजर समोरच्यांच्या पायांकडे जाते. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. माझं कामच तसं आहे. मणक्याचं ऑपरेशन चालू असताना रुग्णाच्या पायांशी मशीन घेऊन बसायचं आणि पडद्यावरच्या रेघा बघायच्या. सर्जन मणक्यात स्क्रू बसवतात तेव्हा नसा अगदी शेजारी असतात, आणि भुलीत असलेल्या माणसाला काही विचारता येत नाही. म्हणून डोक्याला आणि पायांच्या स्नायूंना बारीक सुया टोचून मी विजेचा हलका झटका देते. चादरीखाली पाय उडतात आणि पडद्यावर त्या त्या स्नायूची रेघ उसळते. नव्या नर्स दचकतात. मी दचकत नाही.

ऑपरेशन संपलं की सुया काढायच्या, मशीन कंपनीच्या गाडीत टाकायचं, पुढच्या ऑपरेशनला गुडगावहून नोएडा गाठायचं. ऑपरेशननंतर वॉर्डात मी जात नाही. तिथे माझं काही काम नसतं. एकदाच गेले.

ती साताऱ्याकडची, कॅन्टोन्मेंटमध्ये राहणारी, एका हवालदाराची बायको. कमरेतला एक मणका पुढे सरकला होता. सकाळी पायांची ताकद तपासायला गेले आणि मराठीत बोलले, तशी ती एकदम सैल झाली.

"बरं झालं, आपलं माणूस भेटलं. सकाळपासून नुसतं 'हिलो मत, हिलो मत' चाललंय."

"आता हलायचंय. अंगठा वर उचला. मी खाली दाबते, दाबू देऊ नका."

तिने असा जोर लावला की माझंच बोट दुखलं.

"सासूला नाही मी हलले, तुम्ही काय हलवताय," ती म्हणाली. शेजारी उभा असलेला नवरा खाली बघून हसला.

जोडवी काढायला लावली. ऑपरेशनच्या वेळी अंगावर धातू चालत नाही. साबण लावल्यावर ती कशीबशी निघाली. नवऱ्याने रुमालात बांधून घेतली. अंगठ्याशेजारच्या बोटावर पांढरा वळ राहिला. तिने त्या वळावरून हात फिरवला.

"ताई, पुढच्या वर्षी हे रिटायर होणार. गावचं घर डोंगरावर आहे, चढूनच जायचं. पाय राहिले पाहिजेत माझे."

"मी पायांकडेच बघत बसणार आहे," मी म्हणाले.

स्क्रू उत्तम बसले. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची अरुंद मान असते. स्क्रू तिच्यातूनच जावा लागतो, जरा बाजूला सरकला तर नस. सर्जन आधी भोक पाडतात, मग टोकाला गोळी असलेल्या बारीक सळीने त्याच्या भिंती चाचपतात, आणि मगच स्क्रू फिरवतात. प्रत्येक स्क्रूला मी करंट लावून पाहिला. पाय शांत राहिले, म्हणजे भिंती शाबूत. मग स्क्रूंच्या डोक्यांत सळ्या अडकवून सरकलेला मणका मागे खेचायला सुरुवात झाली. डाव्या अंगठ्याची रेघ सपाट झाली.

"सर, लेफ्ट टो गया."

"सुई निकल गई होगी. देखिए."

"देख ली. सुई ठीक है. बाकी सब आ रहा है."

ते वाद घालत बसले नाहीत. लगेच ताण सैल केला. नसेला रक्त मिळावं म्हणून भूलतज्ज्ञांनी रक्तदाब वाढवला. सगळे थांबून माझ्या पडद्याकडे बघत राहिले. मी झटके देत होते, उजवा पाय उडत होता, डावा अंगठा गप्प. बऱ्याच वेळाने रेघेला एक उंचवटा आला. सकाळच्या निम्माही नव्हता. मग खेचण्याचा नाद सोडून मणका होता तिथेच पक्का केला. कोणाचंही काही चुकलं नव्हतं. हे मी आजही सांगेन.

मशीन गाडीत ठेवलं आणि परत वर वॉर्डात गेले.

ती जागी होती, आवाज जड. नवरा खाटेच्या पायाशी रुमाल धरून उभा होता. मी चादर बाजूला केली.

"उजवा अंगठा वर करा."

केला.

"आता डावा."

मी वाकून बघत होते. बोटावरचा पांढरा वळ, शेजारी अंगठा. हलला नाही.

"पुन्हा करा."

तिच्या कपाळावर आठी पडली, मानेची शीर ताठ झाली. मग ती सैलावली आणि माझ्याकडे बघून हसली.

"केला की. दिसला नाही का, ताई?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"नाही दिसला," मी म्हणाले. "पुन्हा करा."

ती पुन्हा पुन्हा करत राहिली आणि दर वेळी झाल्यासारखं माझ्याकडे बघत राहिली.

अशा नसा कधीकधी काही महिन्यांनी जाग्या होतात. सर्जननी नवऱ्याला तसं सांगितलं, आणि ते खरंच आहे. तिची जागी झाली की नाही, मला माहीत नाही. ते लोक गावी गेले असतील.

मेट्रोत समोर जोडवी घातलेला डावा पाय आला की मी त्याच्याकडे बघत बसते. बाई मोबाइलमध्ये असते, पाय स्थिर असतो. अंगठा हलेपर्यंत मला नजर काढता येत नाही. मागच्या आठवड्यात त्या नादात माझं स्टेशन गेलं.