अंगणातला बॉयलर

साठच्या दशकात मी दुबईला, देरा बाजारातल्या एका दुकानात बॉयलर आणि गीझर विकत असे. एका थंडीत रत्नागिरीकडचे एक म्हातारे व्यापारी आले. चार मुलगे, सुना, नातवंडं यांच्यासाठी ते दुबईतच मोठं घर बांधत होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नारळ पारखावा तसे ते प्रत्येक टाकीवर टिचकी मारायचे आणि कान लावून ऐकायचे.

"चाचा, सहा बाथरूम आहेत तर सहा गीझर घ्या," मी म्हटलं. "बटण दाबलं की खलास."

ते हसले. "गावाला आमच्या परसात एकच बंब होता. पाणी तापेपर्यंत सगळे भोवती उभे. रात्री भांडलेले भाऊसुद्धा सकाळी तिथंच बोलायला लागायचे. सहा घेतले तर माझी पोरं भेटतील कुठं?"

त्यांनी एकच मोठा बॉयलर घेतला, तोही अंगणात बसवायला. "पाइप आत नेऊ नका. बादल्या भरून नेतील," म्हणाले. सहाऐवजी एकच विकला म्हणून दुकानाचा मालक माझ्यावर चिडला. मीही मनात म्हाताऱ्याला वेडा ठरवलं.

आज माझ्या घरात प्रत्येक खोलीला गरम पाणी आहे. मुलगा उठलाय, हे मला भिंतीतल्या पाइपच्या आवाजावरून कळतं.