बापूंच्या व्हॅनचा हँडब्रेक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही ‘आहे’ असं मी लिहून देणार नाही. या ग्रुपवरचे बरेचसे अनुभव वाचून मी मनात म्हणते, बाई, तुझ्या माळ्यावर उंदीर झालेत, पिंजरा लाव. माझा अनुभव वाचून कोणाला असंच वाटलं तर माझी हरकत नाही. फक्त जेवताना वाचू नका. किळसवाणा आहे.

मी नगरला, सावेडीत राहते. (अहिल्यानगर म्हणायची अजून जिभेला सवय नाही.) घरामागच्या शेडमध्ये माझं स्वयंपाकघर आहे. एमआयडीसीतल्या एका कंपनीला दुपारचं जेवण पुरवते. आधी रिक्षाने न्यायचे, ऑर्डर वाढली तशी एजंटकडून सेकंडहँड व्हॅन घेतली. कंपनीची अट एकच — स्वच्छता. त्यांचा कॅन्टीनवाला न सांगता येतो, गाडीत डोकं घालतो, बोट फिरवून बघतो. घाण सापडली की ऑर्डर बंद. माझी आणि माझ्या हाताखालच्या बायकांची घरं त्याच ऑर्डरवर चालतात. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी एवढी का भडकले ते कळेल.

गाडी आली तेव्हा ड्रायव्हरच्या दाराची आतली बाजू तपकिरी-लाल होती. मावा. नगरच्या लोकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते — सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटायचा, गालात धरायचा आणि दिवसभर पचापच थुंकायचं. आधीचा मालक काच खाली करायचेही कष्ट घेत नसावा. दारावर थरावर थर. मी नाकाला ओढणी बांधून सगळं खरवडून काढलं. सुपारीचे तुकडे निघाले, त्यांना दातांचे ठसे होते... त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी जागची हलेना. हँडब्रेक सोडला तरी मागची चाकं घट्ट. आमचे पोपट मिस्त्री आले. जॅक लावला, चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमवर हातोडीने गोल गोल ठोकलं, चाक सुटलं.

“मॅडम, गाडी धुतली आन् हँडब्रेक ओढून ठेवला ना? लायनर ड्रमला चिकटतं. आता हँडब्रेकला हातच लावू नका. गिअरमध्ये टाका, चाकाखाली वीट द्या.”

हे सगळं ते मावा तोंडात धरून सांगत होते. मी म्हटलं, “आधी गेटबाहेर जाऊन तोंड मोकळं करा, मग मला शिकवा.”

सांगितलं तसं केलं. गिअर, वीट, चावी माझ्या कपाटात. सकाळी बघते तर वीट जागेवर आणि हँडब्रेक वर ओढलेला. इतका वर, की मी दोन्ही हातांनी ओढला असता तरी तिथपर्यंत गेला नसता. आणि आदल्या दिवशी चकाचक केलेल्या दारावर थुंकीचा ओघळ. ओला. खाली फेस.

मी पोपट मिस्त्रींना फोन लावला आणि झाडलं.

“मॅडम, मावा खातो मी, नाही म्हणत नाही. पण भल्या पहाटे सावेडीत येऊन तुमच्या गाडीत थुंकू? आमच्या गल्लीत भिंती कमी आहेत का?”

त्यांचंही खरं होतं. गेटवर कॅमेरा आहे, त्यात कोणी आलेलं दिसत नव्हतं. मी दाराला आतून वर्तमानपत्र चिकटवलं. सकाळी ते भिजून लोंबत होतं. आमचे हे म्हणाले, “लिंबू-मिरची बांध.” मी म्हटलं, “लिंबं सरबताला लागतात.” आणि रोज सकाळी घासायला बसले. सिंधू, माझी मुख्य स्वयंपाकीण, एकदा मदतीला आली आणि बेसिनकडे पळाली. “वैनी, पोळ्या कितीबी लाटीन, पण ह्ये न्हाई.”

ब्रेक रोज अडकायचा. मिस्त्रींनी लायनर बदललं, केबल बदलली. शेवटी वैतागून केबलच काढून टाकली. “आता दांडी आभाळापर्यंत ओढा. चाकापर्यंत काही पोचतच नाही.”

त्याच दुपारी जेवणाची भांडी गाडीत चढवली, मी हात धुवायला आत गेले. परत येते तर दांडी वर. चाकं जाम. आणि मटकीच्या उसळीच्या पातेल्यावर, झाकणाच्या बरोबर मध्यावर, सुपारीच्या तुकड्यांसकट थुंकी.

उसळ ओतून दिली. तेवढं अन्न मी आयुष्यात कधी टाकलं नव्हतं. घाईघाईने पिठलं टाकलं, दोन रिक्षा बोलावल्या, जेवण उशिरा पोचलं. कॅन्टीनवाला म्हणाला, “एकदा चालवून घेतो. परत नको.”

मिस्त्रींनी ड्रम उघडला. आतलं सगळं ढिलं, हाताने हलत होतं. ड्रम बसवला — चाक जाम. पुन्हा उघडला, पुन्हा ढिलं. मग ते शांतपणे उठले, हात पुसले. “मॅडम, हे माझ्या कामातलं नाही.” आणि आश्चर्य म्हणजे मी दिलेला चहा न घेता गेले.

संध्याकाळी गाडी आपोआप सुटली होती. मी एजंटला धरलं. गाडी कोणाची होती? शेवगावच्या बापूंची, म्हणाला आणि पत्ता दिला. रविवारी कंपनीला सुट्टी. करंजी, तिसगाव, अमरापूर करत मी स्वतः व्हॅन घेऊन शेवगावला गेले. गाडी त्यांच्या दारात लावून चार शब्द सुनवायचे आणि एसटीने परत यायचं, असं ठरवूनच.

बापूंच्या बायकोने, मंदाबाईंनी, दार उघडलं. मी उंबऱ्यातच सुरू झाले. गाडी विकताना धुवायची तरी लाज बाळगायची, तुमच्या मिस्टरांनी दाराची पिकदाणी केली, अजून कोण थुंकतंय ते मला आत्ता सांगा...

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आत या ताई. बगा तुमीच.”

भिंतीला लागून लोखंडी खाट होती. त्यावर बापू. तोंडाने काहीही म्हणत असले तरी मनात कुठेतरी मी मेलेला माणूस धरून आले होते, हा जिवंत होता. एका बाजूचा गाल नव्हता, जबडा नव्हता. नाकात नळी. तोंडाच्या फटीत करंगळीही गेली नसती. हनुवटीखाली धरलेल्या पंच्यात लाळ गळत होती. खोटं कशाला लिहू, मला तिथेही किळस आली. मी खिडकीकडे बघत उभी राहिले.

“मावा,” मंदाबाई म्हणाल्या. “लई सांगितलं. गाडीत बसले की एक हात ष्टेरिंगला, एक मावा घोटायला. आता पानी बी मी नळीनं देते. थुंकतील कशानं?”

बापूंनी ऐकलं होतं. ते उठले, भिंत धरत बाहेर निघाले. “आवो, कुठं?” म्हणत मंदाबाई मागे, मी त्यांच्या मागे. व्हॅन भर दुपारच्या उन्हात, मीच कुलूप लावून उभी केली होती. चावी माझ्या मुठीत. काचेतून दिसलं — दांडी वर. दारावर ओला ओघळ.

मी कुलूप उघडलं. मंदाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

बापू सीटवर बसले. बराच वेळ दाराकडे बघत राहिले. मग हातातल्या पंच्याने त्यांनी दार पुसलं. वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यात बोट घालून, माझ्यापेक्षा नीट. पंचा डाग आत जाईल असा दुमडून काखेत धरला. मग दोन बोटांनी हँडब्रेकचं बटण दाबलं. दांडी अलगद खाली गेली. खाली उतरून त्यांनी मला हाताने खूण केली — न्या.

मी चार शब्द सुनवायचे विसरले. गाडी घेऊन परत आले.

तेव्हापासून ब्रेक अडकलेला नाही. दार कोरडं आहे. मिस्त्रींनी केबल परत बसवून दिली, पण गाडीत बसले नाहीत. कॅन्टीनवाला मध्ये येऊन बोट फिरवून गेला, बोट स्वच्छ. ऑर्डर चालू आहे.

गेल्या आठवड्यात मंदाबाईंचा फोन आला. आवाज इतका हळू की मी गॅस बंद करून ऐकलं.

“ताई, तुमच्या गाडीतलं बंद झालं का?”

“झालं.”

“मंग आमच्याकडंच आलंय. रोज सकाळी खाटंजवळची भिंत भरलेली अस्ती. सुपारी बी अस्ती त्यात. पोरगा म्हन्ला, बापू चोरून खातोय. लई बोलला त्यांना. त्यांना तर उत्तर बी देता येत न्हाई.”

मी म्हटलं, त्याला माझ्याशी बोलायला द्या, मी सांगते माझ्या गाडीत काय व्हायचं ते.

“सांगा. पर खाट बी हालंना हो. भिंत धुवायला वढाया गेलो, मी, पोरगा, शेजारचे दोघं... जाग्यावरच.”

मी विचारलं, “गाडी घेऊन येऊ का परत? त्यांना बसवून बघू.”

“नगं. तुमच्या गाडीत लोकांचं अन्न अस्तं.” मग म्हणाल्या, “ते निघतं कशानं, तेवढं सांगा.”

मी सांगितलं. गरम पाणी अजिबात नको, डाग बसतो. ओलं असतानाच गार पाणी, मग सोडा घालून ठेवायचा, मग तारेची घासणी. हातात मोजे घाला. त्यांनी सोडा कुठला, किती वेळ ठेवायचा ते दोनदा विचारून घेतलं आणि फोन ठेवला. मुलाशी मी संध्याकाळी बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

हे कशाने होतं, ते मला आजही माहीत नाही. पोपट मिस्त्रींनाही नाही, बापूंना विचारायची सोय नाही. निघतं कशाने एवढंच माहीत होतं. तेही रोज नव्याने काढावं लागतं, हे मी मंदाबाईंना सांगितलं नाही. त्यांना ते कळलेलंच होतं.