कुरवंड्याच्या उन्हात तीस सेकंद

मे महिन्यात लोणावळ्याला कोण जातं, असं शेजारी म्हणाले. मला मात्र ढग नकोच होते. मी एक फिल्टर घेतला होता. जवळजवळ काळी काच. डोळ्यांना दिसणारा प्रकाश ती अडवते आणि न दिसणारा अवरक्त प्रकाश तेवढा आत सोडते. त्यात झाडांची पानं पांढरी येतात. पण साध्या कॅमेऱ्याला हा प्रकाश फार कमी मिळतो, म्हणून भर उन्हातही एका फोटोला तीस सेकंद लागतात.

पुण्याहून सकाळच्या लोकलने मी आणि माझी बायको सुनंदा निघालो. लोणावळ्याहून रिक्षाने कुरवंडे. समोर नागफणीचा सुळका, खाली सुकलेलं गवत. जांभळाच्या झाडाखाली एक मावशी करवंदं विकत बसल्या होत्या. सुनंदाने द्रोण घेतला आणि लगेच देठ काढू लागली.

मी तिपाई रोवली, फोकस साधला, मग काच चढवली. मावशी म्हणाल्या, "भाऊ, त्या काळ्या काचंतनं दिसतंय व्हय?"

"मला नाही, कॅमेऱ्याला दिसतं."

"मग तुमी कशापायी आलाव? त्यालाच धाडायचा!"

सुनंदा खूप हसली. मी तिला झाडाजवळच्या दगडावर बसवलं.

"अहो, द्रोण असू दे ना हातात."

"नको. हललीस तर पुसली जाशील. हात मांडीवर ठेव."

ती बसली. मी घड्याळाकडे बघत राहिलो.

फोटोत आकाश काळं आलं, जांभूळ कापसासारखं पांढरं. सुनंदाचा चेहरा स्वच्छ, डावा हातही. उजव्या हाताच्या जागी नुसता धुरकट डाग.

तिपाईचे स्क्रू आवळून मी पुन्हा फोटो घेतला. पुन्हा तसंच.

"तिपाई हलत नाहीये," सुनंदा म्हणाली. "दिवाळीपासून होतंय. हातात काही असलं की थांबतं."

"डॉक्टरांना दाखवायला हवं होतं."

"दाखवलं की त्याला नाव मिळेल. मला नाव नको होतं."

मी सामान आवरलं. मावशींनी निघताना तिच्या द्रोणात आणखी मूठभर करवंदं टाकली.

परतीच्या गाडीत ती देठ काढत बसली. हात अगदी स्थिर. माझी बायको कधी रिकामी बसत नाही, हे मी चारचौघांत कौतुकाने सांगत आलो. मटार, वाती, लोकरीच्या सुया, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

घोरावाडी स्टेशनला करवंदं संपली. तिने द्रोणाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग तो बाजूला ठेवला आणि हात माझ्यासमोर मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने तो थरथरू लागला.

"उद्या जाऊ," ती म्हणाली.

डॉक्टरांना दाखवायला दोन्ही फोटो ठेवले आहेत. शेजारी विचारतात, पानं खरंच पांढरी आली का. आली, एवढं आठवतं. त्या हातापलीकडचं मी त्यानंतर नीट पाहिलेलं नाही.