पान दोनशे चौदा

१४ मार्च. सदतीस माणसे.

शेजारच्या देशातील एका बंदरावर आठ तासांची पाळी मागत बसलेल्या कामगारांवर त्या दिवशी सैनिकांनी गोळ्या झाडल्या. परराष्ट्र खात्याच्या मानवी हक्क अहवालात ही घटना अकरा ओळींत आली होती. सप्टेंबरात सरकारी छापखान्यातील मुद्रितशोधक बाईंच्या टेबलावर ती पोहोचली, तेव्हा तिच्यावर लाल रेघ होती आणि समासात दोन शब्द होते: ‘राष्ट्रहितास्तव वगळावे’.

बाईंना छापखान्यात ‘चिमटा’ म्हणत. तांदळातला खडा वेचावा तशी त्या मजकुरातली चूक वेचत; बावीस वर्षांत एकही सुटली नव्हती. समोर बसून मूळ प्रत मोठ्याने वाचण्याचे काम अण्णांचे. तिथला जुना नियम असा, की वगळायचा मजकूरही एकदा वाचायचा, म्हणजे नेमके तेवढेच वगळले जाते. अण्णा स्वल्पविरामांसकट वाचू लागले. ‘सदतीस’ आला.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

“का? अडलं कुठे?”

“कुठे नाही. वाचा.”

अडले होते. बाईंच्या वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक भाडेकरू राहत होती. तिचा नवरा त्या सदतीसांत होता. तिच्या आश्रयाच्या अर्जाची सुनावणी नोव्हेंबरात होती. वकिलाने आडपडदा न ठेवता सांगितले होते, की तिच्या शब्दावर भागणार नाही. न्यायाधिकरण सरकारी अहवाल पाहते. त्यात घटना नसेल, तर तिची परत पाठवणी ठरलेली.

“ताई, ते पुस्तक तुमच्याकडेच छापतात ना?” तिने जिन्यात विचारले होते. “मग घरचंच काम झालं की!”

ही भाडेकरू अण्णांनाही ठाऊक होती. वाचन संपल्यावर त्यांनी चष्मा काढला. “पुढच्या महिन्यात त्या देशाशी गॅसचा करार होतोय म्हणे. तो फिसकटला, तर हिवाळ्यात तुमची-माझी शेगडी गार. खात्यातल्या माणसाला काय नावं ठेवायची?”

“शेगडी तिच्याही घरात आहे, अण्णा.”

“तेच म्हणतोय. तिचाही चहा त्याच गॅसवर.”

अण्णा खोटे बोलत नव्हते. राज्याने आपल्या माणसांना थंडीत ठेवू नये, हे बाईंनाही मान्य होते. पण त्या उबेसाठी अकरा ओळी गेल्या, हे निदान कुठेतरी कळायला हवे होते. त्यांनी ओळी काढल्या. त्या जागी पुढचा मजकूर सरकला.

शेवटी विषयसूची आली. ‘गोळीबार, बंदर कामगार, सदतीस मृत : २१४’. ही नोंद काढा, असे कुणी लिहिले नव्हते. लाल रेघ मारणाऱ्याला सूची आठवलीच नव्हती. अशा ठिकाणी समासात प्रश्नचिन्ह करून खात्याला विचारणे, हे बाईंचे काम. पेन्सिल नोंदीपाशी थांबली. मग बाईंनी ‘बरोबर’ची खूण केली आणि खाली सही केली.

अण्णांनी पाहिले. “चिमट्यातून खडा सुटला बरं का.”

“वय झालं.”

“माझंही झालंय. मला काही दिसलंच नाही.”

नोव्हेंबरात वकिलाने सूचीच पुढे केली. सरकारी वकील म्हणाले, सूची म्हणजे विधान नव्हे. पान दोनशे चौदावर तर वायुवाहिनीची लांबी दिली आहे. न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी ते पान काढले, पुन्हा सूची पाहिली आणि खात्याला लेखी विचारले: या पानावर आधी काय होते? उत्तर येईपर्यंत अर्जदाराला देशाबाहेर पाठवू नये, असा आदेश झाला.

बाईंना ताकीद मिळाली आणि त्यांची बदली कोऱ्या अर्जांच्या विभागात झाली. तिथे वाचायला रकाने असतात.

“ताई, माझ्यामुळे झालं हे,” वरच्या मजल्यावरची दारात उभी राहून म्हणाली.

“तुझ्यामुळे कसं? चूक माझी आहे. बावीस वर्षांत एक तरी माझ्या नावावर नको?”

करार झाला. शेगड्या पेटतात, दोन्ही मजल्यांवर. ती दर दोन महिन्यांनी मुक्कामाच्या कागदावर शिक्का मारून आणते.

याला दोन वर्षे झाली. खात्याचे उत्तर आलेले नाही. अकरा ओळी कोणत्याही आवृत्तीत छापल्या गेलेल्या नाहीत. सदतीस जणांचे तेवढे देणे बाकी आहे.