नानांचं लिव्हर पास व्हायचंय

तुमी म्हनाल, कॅन्सरच्या घरात हसू कुठलं? या की आमच्या स्टॉलवर! हितं कढईत तेल कमी पडंल, किस्से न्हाई. आन् नाना आजारी पडल्यापास्नं तर नुसता ऊत आलाय.

नाना म्हंजे माझे चुलते. लोहगडवाडीत गडाच्या रस्त्यालाच आमचा भजी-काकडीचा स्टॉल. जुनी कावीळ आत मुरली, नानांचं लिव्हर पार वाळलं आन् त्यातच कॅन्सरची गाठ निघाली. पुन्याच्या डॉक्टर मॅडम म्हनल्या, "गाठ सुई घालून जाळता येईल. पण लिव्हर इतकं थकलंय, की आत्ता केलं तर गाठही जाईल आणि नानाही. आधी लिव्हर सुधारू दे. तीन महिन्यांनी बघू."

म्हंजे आजार दोन, आन् एक दुसऱ्याला हात लावू देत न्हाई. आमच्या म्हशी अशाच हायेत!

*

नानांनी जल्मात दारूचा थेंब घेतला न्हाई. पन लिव्हर म्हनलं की लोकं एकच समजत्यात. सोमाटण्याचे पाव्हणे आले, नानांचं फुगलेलं पोट बघून म्हनले, "नाना, आता तरी सोडा!"

मी तोंड पाडून म्हनले, "कमी केलीय. आता दिवसातनं तीनदाच घेत्यात." आन् पोट साफ व्हायचं औषध झाकनात वतून दिलं. नानांनी डोळे मिटून एका दमात मारलं, तोंड वाकडं केलं.

पाव्हणे गार! हळूच म्हनले, "संगं कायतरी खारं-बिरं?"

नाना म्हनले, "छ्या! मीठ बंद हाय."

*

मीठ खरंच बंद. पोटात पानी साठतं ना! काकीनी घरातलं मीठ लपवलं, तर नाना गिऱ्हाइकाच्या काकडीवर टपलेले. "थांबा, कडू हाय का बघतो," म्हनायचं आन् मीठ लावल्याली फोड तोंडात!

एक दिवस मी मिठाच्या बाटलीत पिठीसाखर भरली. नानांनी फोड चावली आन् असं बघितलं माझ्याकडं!

तेवढ्यात एक ट्रेकर ताई मोबाइलसमोर म्हनती कशी, "गाईज, ही खरी गावाकडची चव!"

दिवसभर गोड काकडीच इकली आमी.

*

लिव्हर चालंना की विष डोक्यात चढतं, मानूस बरळतो. ते विष भाईर पडावं म्हनूनच ते पोट साफ व्हायचं औषध. म्हनून रोज सकाळी दोन्ही हात सरळ पुढं धरायचे, पंजे वर. पंजे फडफडले, की गाठायचं हॉस्पिटल.

रविवारी नाना रस्त्याकडं तोंड करून असेच उभे, तर चार गाड्या वळीनं थांबल्या! पुढच्या गाडीवाला काच खाली करून म्हनला, "काका, रस्ता बंद आहे का?"

नानांचे हात तसेच. म्हनले, "न्हाई वो. भजी गरम हायेत."

*

एकदा मात्र पंजे फडफडले. सारखं संडासला पळावं लागतं म्हनून नानांनी दोन दिवस औषध चुकवलं होतं. काकीला म्हनले, "ताई, कुटनं आलात? गड चढायला तासभर लागंल बरं का."

मी खो-खो हसले. काकी हसली न्हाई. पळत जाऊन शेजारच्यांची जीप घेऊन आली.

चार दिवसांनी नाना घरी आले. मी आठवडाभर एकबी खोडी काढली न्हाई. लय अवघड गेलं!

*

तीन महिने झाले. डोळ्यांतलं पिवळं गेलं, पोट उतरलं. मॅडम म्हनल्या, "रिपोर्ट चांगलेत. आता डोकं साफ आहे का तेवढं बघते. गोंधळ असेल तर सुई नाही."

काकीनी माझा हात असा दाबला, की बांगडी रुतली.

"नाना, आज वार कोणता?"

नाना गप.

मॅडम परत म्हनल्या, "सावकाश सांगा."

मला राहवंना. मॅडमच्या पाठीमागनं मी सोमवारपास्नं मोजून हळूच बोटं वर केली. नानांनी माझ्या बोटांकडं बघितलं, मग मॅडमकडं बघितलं.

"मॅडम, आधी ह्या पोरीला भाईर काढा. कॉपी करताना घावली म्हनून शाळेनं घालवली, आन् आता मला नापास करायला आलीय. आज गुरवार, आन् ही तीन बोटं दावतीय!"

मॅडमनी मागं वळून माझ्या बोटांकडं बघितलं. कागदावर कायतरी लिवलं.

"तू बाहेर थांब," मला म्हनल्या. "सुईची तारीख मी यांच्याशीच ठरवते."